ग्रेगोरिओची साक्ष

'चित्रासारखे गाव' हा शब्दप्रयोग आपल्या प्रवासवर्णनांत इतका रुळला आहे की त्यातील विपरीतपणा आता कुणाला जाणवत नाही. चित्र गावासारखे उतरावे ही अपेक्षा समजण्याजोगी आहे. पण गावाने चित्रासारखे असावे, असे म्हणताना आपण नकळत क्रमच उलटा करतो. ज्या ठिकाणी माणसे राहतात, भांडतात, कर भरतात आणि म्हातारी होतात, त्या ठिकाणाला आपण मनातल्या चौकटीत बसवून पाहतो, आणि ते नीट बसले म्हणून त्याचे कौतुक करतो. उत्तर इटलीतील गार्दा सरोवराच्या पूर्व काठावरचे माल्चेझिने हे अशा चौकटीत विनासायास बसणारे गाव आहे. मी मात्र त्याच्या सौंदर्याची कीर्ती ऐकून तेथे गेलो नव्हतो. सप्टेंबर १७८६ मध्ये त्या गावाने एका परक्या माणसाला चित्र काढताना अडवले होते. तो परका माणूस गटे होता, म्हणून मी गेलो.

मराठी वाचकाच्या मनात गटेचे स्थान ठरून गेलेले आहे. 'शाकुंतल' डोक्यावर घेऊन तो नाचला, ही आख्यायिका आपल्याकडे वर्गावर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. घडले ते याहून शांतपणे घडले. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये 'शाकुंतला'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यावरून गेऑर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले, ते वाचून गटेने चार ओळींची एक कविता लिहिली. नाचण्याचा पुरावा नाही. चार ओळींचा आहे. साहित्याच्या अध्यापनात चार दशके घालवल्यावर मला नाचापेक्षा त्या चार ओळी अधिक विश्वासार्ह वाटतात. परंतु १७८६ च्या त्या सप्टेंबरात कालिदासाचे नावही त्याच्या कानी आलेले नव्हते. तो सदतीस वर्षांचा होता, वायमारच्या दरबारातील मंत्रिपदाला कंटाळला होता, आणि ३ सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजता कार्ल्सबाडहून कुणालाही न सांगता निघाला होता. प्रवासात त्याने स्वतःचे नावही बदलले होते.

आम्ही, म्हणजे पत्नी आणि मी, व्हेरोनाहून बसने गेलो. गार्दा हे इटलीतील सर्वांत मोठे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर, लांबी पन्नासेक किलोमीटर, आणि सर्वाधिक खोली ३४६ मीटर. दक्षिणेकडे ते समुद्रासारखे पसरट आहे. उत्तरेकडे जावे तसे दोन्ही बाजूंचे पर्वत त्याला आवळत नेतात. बस पाण्याच्या अगदी कडेने जाते. एका बाजूला ऑलिव्हच्या बागांनी झाकलेला उतार, त्याच्यावर दोन हजार मीटरांहून उंच गेलेला मोंते बाल्दो, आणि दुसऱ्या बाजूला निळे पाणी. हा काठाकाठाने जाणारा रस्ता विसाव्या शतकातला. त्यापूर्वी उत्तर भागातील गावांचा एकमेकांशी व्यवहार मुख्यतः होडीने चाले. म्हणूनच येथील जीवनात वाऱ्याला कुलदैवताचा मान होता. पहाटे उत्तरेकडून वाहतो तो पेलेर, दुपारी दक्षिणेकडून येतो तो ओरा. नावाड्याचा दिवस या दोन वाऱ्यांत वाटला गेलेला असे.

गटेला माल्चेझिनेत आणले ते वाऱ्यानेच. १३ सप्टेंबरला पहाटे तीन वाजता तो उत्तर टोकाच्या तोर्बोलेहून दोन नावाड्यांसह निघाला. आरंभी वारा अनुकूल होता, शीड उभारता आले. समोरच्या काठावर लिमोने गावच्या लिंबांच्या बागा त्याने पाहिल्या. डोंगराच्या पायऱ्यांवर उभे केलेले पांढरे चौकोनी खांब, आणि हिवाळ्यात झाडांवर आच्छादन घालता यावे म्हणून त्यांवर टाकलेल्या आडव्या तुळया. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. लिंबे फुलणाऱ्या देशाविषयीचे मिन्योनचे सुप्रसिद्ध गीत गटेने इटलीत पाऊल ठेवण्यापूर्वीच लिहिले होते. कविता आधी, लिंबे नंतर. तोर्बोलेतही त्याला असाच अनुभव आला. या सरोवराचे प्राचीन नाव बेनाकुस. त्याच्या लाटांच्या गर्जनेचे वर्णन करणारी व्हर्जिलची एक ओळ गटेला पाठ होती. त्या दिवशी ती ओळ त्याच्या डोळ्यांदेखत खरी झाली. ज्या लॅटिन पद्याचा विषय आपल्यासमोर जिवंत उभा आहे असे हे पहिलेच, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. मिराशींचे प्रतिपादन वाचून 'मेघदूत' घेऊन रामटेकच्या पायऱ्या चढलेल्या आपल्याकडील अभ्यासकाला हा आनंद नेमका काय असतो, हे सांगावे लागू नये. योगायोग असा की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका कुळातल्या असाव्यात, हा विचार आपल्या व्याख्यानात मांडला होता.

मग वारा फिरला. होडी पुढे जाईना, आणि माल्चेझिनेच्या बंदराचा आश्रय घ्यावा लागला. गावाच्या टोकाला पाण्यावर झुकलेल्या खडकावर व्हेरोनाच्या स्कालिगेर घराण्याचा किल्ला आहे. तेव्हा तो पडका होता. दरवाजे नव्हते, पहारा नव्हता. गटे आत शिरला, मनोऱ्यासमोर एक बरी जागा पाहून बसला आणि रेखाटू लागला. हळूहळू माणसे जमली. एकजण पुढे झाला आणि हे काय चालले आहे, असे विचारू लागला. गटे म्हणाला, जुन्या मनोऱ्याचे चित्र काढतो आहे. त्यावर, हे करण्यास परवानगी नाही, असे म्हणून त्या गृहस्थाने कागद हाती घेतला, मोठ्या गांभीर्याने फाडला, आणि फाडलेला तो कागद पुन्हा वहीतच ठेवून दिला. पुढे पोदेस्ता, म्हणजे नगराधिकारी, आणि त्याचा कारकून यांना बोलावणे गेले.

या प्रसंगाचे गटेने केलेले वर्णन 'इटलीचा प्रवास' या ग्रंथात आहे. प्रवासातील पत्रे आणि रोजनिशी यांच्या आधारे तो ग्रंथ सुमारे तीस वर्षांनी सिद्ध झाला, त्यामुळे प्रसंगाची मांडणी मुरलेल्या लेखकाची आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. परंतु त्यातील एक तपशील कोणत्याही कल्पनेपेक्षा खरा वाटतो. गावकऱ्यांचा प्रश्न साधा होता: हा पडका मनोरा, त्यात चित्र काढण्यासारखे आहे तरी काय? गटेने सांगितले की केवळ ग्रीक-रोमन अवशेषच नव्हे, तर मध्ययुगातील वास्तूही पाहण्याजोग्या असतात. मग तो त्या भिंतींची, त्यांवर शतकानुशतके चढलेल्या वेलीची, प्रकाशाची स्तुती करू लागला. गावकऱ्यांची तोंडे त्याच्याकडे होती, मनोरा त्यांच्या पाठीमागे. त्याच्यावरची नजर काढायचीही त्यांची तयारी नव्हती आणि तो सांगतो ते पाहायचेही होते. तेव्हा मान मुरडणाऱ्या पक्ष्यांसारख्या त्यांनी माना मागे वळवल्या. पोदेस्तानेही वळवली, जरा अधिक रुबाबात.

जन्मापासून ज्या मनोऱ्याच्या सावलीत वाढले, तो मनोरा ती माणसे त्या क्षणी प्रथमच पाहत होती. सौंदर्यशास्त्रावरील अनेक ग्रंथ मी वाचले, काही शिकवलेही; परंतु उपयुक्त वस्तू आणि आस्वाद्य वस्तू यांतील अंतर याहून नेमके दाखवणारा प्रसंग माझ्या वाचनात नाही. ते अंतर एका मानेच्या मुरड्याएवढे आहे.

तथापि संशय मावळला नाही. उत्तरेला काही मैलांवर हद्द संपत होती. हे गाव व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे. पलीकडे ऑस्ट्रियाच्या छायेतील मुलूख. सम्राट दुसरा योसेफ हा अस्वस्थ शेजारी म्हणून प्रसिद्ध होता, आणि हा परका माणूस त्याचाच हेर असावा, अशी कारकुनाला शंका आली. गटेने सांगितले की मी सम्राटाचा प्रजाजन नाही. फ्रांकफुर्ट या नगरराज्याचा नागरिक आहे, तुमच्यासारखेच तेथेही प्रजेचे राज्य आहे. तेव्हा गर्दीतली एक बाई म्हणाली, ग्रेगोरिओला बोलवा, तो तिकडे पुष्कळ वर्षे नोकरीला होता. ग्रेगोरिओ आला. पन्नाशी उलटलेला माणूस. फ्रांकफुर्टमध्ये स्थायिक झालेल्या बोलोंगारो या इटालियन घराण्याकडे तो कामाला होता. त्याने त्या घरांची, माणसांची चौकशी केली. कोणाचे लग्न झाले, कोणाला मुले झाली. गटेला सारे ठाऊक होते, त्याने सांगितले. ग्रेगोरिओचा चेहरा उजळत गेला, आणि अखेरीस त्याने पोदेस्ताला ग्वाही दिली की हा गृहस्थ सज्जन आहे, याला मोकळे सोडा, आपल्या गावाविषयी तो चार ठिकाणी चांगले बोलेल. गटेला गावभर हिंडण्याची मुभा मिळाली. ग्रेगोरिओने त्याला सोबत केली आणि आपल्या मळ्यातली फळे दिली.

'अभिज्ञान' या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगताना मी नेहमी अंगठीपाशी थांबत असे. माल्चेझिनेच्या त्या अंगणात मला वाटले, अंगठी ही अभिज्ञानाची सोपी रीत आहे. अवघड रीत ही. ओळख पटवायला वस्तू नाही, कागद नाही. आहेत त्या दूरच्या एका शहरातल्या चार घरांच्या दोघांनाही ठाऊक असलेल्या बातम्या.

हे मला विशेष जाणवण्याचे एक कारण आहे. १९८३ साली मी प्रबंधासाठी जात्यावरच्या ओव्या गोळा करत सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी गेलो होतो. खांद्याला शबनम, हातात वही. नदीकाठच्या पारावर बसून मी घरांची, वाड्यांची, देवळाची टिपणे करत होतो, कारण ओवी कोणत्या घरातून आली हे नोंदवणे मला आवश्यक वाटत होते. अर्ध्या तासात दहा-बारा माणसे भोवती उभी राहिली. "काय लिवताय?" ओव्या लिहून घ्यायला आलो आहे, हे माझे उत्तर कुणालाच पटले नाही. बायांची गाणी लिहून घ्यायला शिकला-सवरलेला पुरुष कशाला येईल? त्या खोऱ्यात धरण होणार, अशी कुणकुण होती. वही घेऊन येणारा तो मोजणीवाला, हे गावाचे समीकरण होते, आणि ते चुकीचे म्हणता येत नव्हते. कुणीतरी आबांना बोलावून आणले. आबांनी मुंबईच्या गिरणीत वीस-बावीस वर्षे काढली होती आणि १९८२ चा संप लांबल्यावर ते गावी परतले होते. त्यांनी विचारले, "मुंबईत कुठं असता?" मी म्हणालो, परळला काकांकडे वाढलो. मग परीक्षा सुरू झाली. चाळ कोणती? खालचा दुकानदार कोण? गणपती कुठे बसतो? खानावळ चालवणाऱ्या बाईंचे नाव काय? सगळी उत्तरे देऊन झाल्यावर आबा माझ्याकडे न पाहता गावकऱ्यांना म्हणाले, "आपल्यातलं पोरगं हाय. धरणवालं न्हाई." त्या संध्याकाळी त्यांच्याच घरी मी जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या थोरल्या भावजयीने जात्यावर बसून मला पहिली ओवी दिली. माझ्या प्रबंधातील निम्म्याहून अधिक ओव्या त्या एका वाक्याने मिळालेल्या आहेत.

धरण पुढे झाले. गाव उठले. पुनर्वसनाच्या वसाहतीत आबांना मी एकदा भेटलो, त्यानंतर ते गेले. आज त्या ठिकाणी विस्तीर्ण जलाशय आहे, आणि काठावर विश्रामस्थाने आहेत. निसर्गरम्य, असे तेथील फलकावर लिहिलेले असते, आणि ते असत्य नाही. पावसाळा सरल्यावर डोंगर हिरवे असतात, पाणी स्थिर असते, आणि जो कोणी तेथे येतो तो म्हणतो, अगदी चित्रासारखे आहे.

माल्चेझिनेच्या किल्ल्यातून सरोवराकडे पाहताना ही आठवण येणे अपरिहार्य होते. दुष्यंताला संगीत ऐकून जी हुरहुर लागते, तिचे कारण त्याला आठवत नाही. मला माझ्या हुरहुरीचे कारण स्पष्ट ठाऊक होते. आणि मग इतिहासाचा क्रम मनात जुळत गेला. माल्चेझिनेच्या लोकांनी गटेवर घेतलेला संशय आपल्याला हास्यास्पद वाटतो, कारण तो गटे होता हे आपल्याला माहीत आहे. परंतु त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १७९७ मध्ये, व्हेनिसचे शतकानुशतकांचे प्रजासत्ताक संपुष्टात आले, आणि पुढे १८६६ पर्यंतच्या काळात हा किनारा बराच काळ ऑस्ट्रियाच्याच अमलाखाली होता. गावकरी माणसाविषयी चुकले होते, काळाविषयी नाही. माझ्या त्या गावाचेही तसेच झाले. पाहायला येणारा आणि घ्यायला येणारा एकाच वाटेने येतात, दोघांच्याही हातात वही असते. गावाने त्यांतून निवड कशी करावी? ग्रेगोरिओ असेल तरच ते शक्य होते.

चित्रांचे पुढे काय होते, याचीही एक कथा या गावाशी निगडित आहे. १९१३ च्या उन्हाळ्यात गुस्टाव्ह क्लिम्ट गार्दाकाठी राहिला आणि त्याने माल्चेझिनेचे एक चित्र रंगवले. पाण्यावर एकावर एक रचलेली घरे, किल्ला आणि त्यांची प्रतिबिंबे. हे चित्र १९४५ मध्ये ऑस्ट्रियातील इमेनडोर्फ येथील वाड्याला लागलेल्या आगीत इतर अनेक चित्रांबरोबर जळाले. आज ते केवळ प्रतिकृतींवरून ठाऊक आहे. त्याच उन्हाळ्यात त्याने माल्चेझिनेलगतच्या कास्सोने या वस्तीतील चर्चचेही चित्र काढले. ते ज्या ज्यू कुटुंबाकडे होते, त्यातील स्त्रीला १९४१ मध्ये व्हिएन्नातून हद्दपार करण्यात आले. ती परतली नाही, आणि चित्रही नाहीसे झाले. पुष्कळ वर्षांनी ते सापडले, वारसाशी समझोता झाला आणि २०१० मध्ये लंडनच्या लिलावात ते सुमारे २ कोटी ६९ लाख पौंडांना विकले गेले. कास्सोनेला आम्ही चालत गेलो. सायप्रसची झाडे, लहानसे चर्च, आणि एका झऱ्यातून निघून जेमतेम १७५ मीटर वाहून सरोवराला मिळणारी आरिल नावाची नदी. चर्चची पायरी झाडणाऱ्या बाईंनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि त्या पुन्हा झाडू लागल्या.

एक रेखाटन फाडले गेले, एक चित्र जळाले, एक हिरावले जाऊन विकले गेले. आणि गाव आहे तिथे आहे. रम्य दृश्ये कालातीत असतात, असे आपण सहज म्हणतो. चित्राच्या नशिबात इतिहास आहे आणि दृश्याच्या नशिबात नाही, असा त्याचा अर्थ होतो. माझ्या खोऱ्यातील गावाने मला याच्या उलट शिकवले होते: तेथे दृश्य बुडाले आणि ओव्या राहिल्या. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर एवढेच म्हणता येते की कशाचे टिकणे कशावर अवलंबून असेल, हे पाहणाऱ्याला त्या वेळी कळत नाही. म्हणून टिपण तेवढे प्रामाणिकपणे करावे.

आजचे माल्चेझिने कुणावर संशय घेत नाही. एकेकाळी जर्मन मुलखाशी परिचय असलेला एक माणूस गर्दीतून शोधून काढावा लागला. आज दुकानांच्या पाट्यांवर इटालियनच्या शेजारी जर्मन असते आणि कॉफी आणून देणारा मुलगा ग्राहकाच्या तोंडाकडे पाहून भाषा बदलतो. किल्ल्यात आता तिकीट आहे. विवाह समारंभांसाठीही तो दिला जातो. एका दालनात गटेच्या रेखाटनांच्या प्रतिकृती आहेत. ज्याचा कागद फाडला, त्याचा अर्धपुतळा त्याच किल्ल्यात गावाने बसवला आहे. मोंते बाल्दोवर जाणारा रज्जुमार्ग आहे. त्याचे पाळणे चढताना स्वतःभोवती फिरतात, म्हणजे सरोवर पाहण्यासाठी मान वळवण्याचेही श्रम उरलेले नाहीत. गावाची उपजीविका पाहिले जाण्यावर चालते, आणि त्यात उणे काढण्याचा अधिकार मला नाही. कोळी आणि ऑलिव्हवाले यांच्या दारिद्र्याला रम्य म्हणण्यापेक्षा त्यांच्या नातवंडांची खानावळ चाललेली बरी.

तरीही दोन दिवसांत एक पोकळी जाणवत राहिली. बंदराच्या कट्ट्यावर बसून मी वहीत काही लिहीत होतो. भोवती शेकडो माणसे छायाचित्रे घेत होती. पत्नी म्हणाली, "इथं तुम्हांला कुणी 'काय लिहिताय' म्हणून विचारत नाही, म्हणून तुम्हांला करमत नाहीये." तिने नेमके वर्म ओळखले होते. संशयामध्ये एक प्रकारचा मान असतो. तुझ्या पाहण्याने आमचे काहीतरी होऊ शकते, असे गाव त्यातून सांगत असते. आज पाहणारे इतके झाले आहेत की कुणाच्याच पाहण्याने काही होईल असे वाटत नाही. कुणी कागद फाडत नाही, म्हणून कुणी साक्षीलाही उभे राहत नाही. आणि साक्षीला कुणी उभे न राहिल्यामुळे मळ्यातली फळेही कुणी देत नाही. प्रवासी येतो, पाहतो, जातो. त्याला ग्रेगोरिओची गरज पडत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र ती पडते, आणि पुढेही पडत राहील. परकी कलाकृती वाचकांच्या गावात शिरते तेव्हा तीही अशीच संशयास्पद असते. ती काय करते आहे हे कळत नाही, पडक्या मनोऱ्यात तिला काय दिसते ते उमगत नाही, आणि ती कुणाच्या वतीने आली असावी, अशी शंका येते. कधी ती शंका खरीही असते. अशा वेळी समीक्षक निवाडा देणारा असतो, असे आम्हांला शिकवले गेले. म्हणजे तो पोदेस्ताच्या जागी असतो. आयुष्याच्या या टप्प्यावर मला ते पटेनासे झाले आहे. ज्याने त्या दूरच्या शहरात काही वर्षे मजुरी केली आहे, ज्याला तिथल्या चार घरांची खबर आहे, ज्याच्या शब्दावर गावाचाही विश्वास आहे, तो पुढे होतो, चार प्रश्न विचारतो, उत्तरे नीट ऐकतो आणि मग आपल्या माणसांकडे वळून सांगतो, याला आत येऊ द्या. कधी सांगतो, नको. समीक्षेचे काम याहून फार वेगळे असेल, असे मला वाटत नाही. गटेच्या ग्रंथात ग्रेगोरिओच्या वाट्याला दोन-तीन पृष्ठे आली आहेत. आबांच्या वाट्याला माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एक ओळ आली आहे, आणि त्यांच्या भावजयीच्या ओव्या दुसऱ्या प्रकरणात आहेत.